हनुवटीखालची रेघ

आमच्या गल्लीत तिला सगळे पेंटरीण म्हणतात. वडील घरं रंगवायचे, लहानपणी ही त्यांच्या हाताखाली भिंती घासायची, आणि पुढे चेहरे रंगवण्याचं दुकान काढलं, म्हणून पेंटरीण. तिला त्याचा राग नाही. दुकानाच्या पाटीवर काहीतरी नाजूक नाव लिहिलेलं आहे, पण ते कुणाच्या लक्षात नाही. तिच्याही नसावं.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. आरसा बाजूच्या भिंतीला आणि खुर्ची मात्र दाराकडे तोंड करून. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, आरसा समोर का नाही? ती म्हणते, "तुम्ही बघून काय करणार? बघायचं काम माझं." खरं कारण उजेडाचं. बल्बच्या उजेडात रंग खोटं बोलतो असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

तिचं काम मी पुष्कळदा बसून पाहिलं आहे, कारण मला घरी बसून कंटाळा येतो. आधी साध्या पाण्याने तोंड धुवायला लावायची. मग क्रीम. क्रीम लावलं की थांबायचं, अगदी गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागलं तरी थांबायचं. "ओल्या भिंतीवर रंग ओढला की पापुद्रे सुटतात," हे तिच्या वडिलांचं वाक्य ती नवऱ्या मुलींनाही ऐकवायची. फाउंडेशनचा रंग मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघायचा आणि गिऱ्हाइकाला दारात न्यायचं. जो रंग तिथे दिसेनासा होतो तो आपला. मग कपाळ, गाल, हनुवटी इथे थोडेथोडे ठिपके आणि ओला करून पिळलेला स्पंज. घासायचं नाही, थोपटायचं. सगळीकडे लावायचं तर मुळीच नाही. जिथे कातडी चांगली आहे तिथे तिला तशीच राहू द्यायची. शेवटी कडा कानापर्यंत आणि गळ्यापर्यंत विरवायच्या. काम झाल्यावर काही केलंय असं वाटता कामा नये. तसं वाटतही नसे. पैसे कशाचे दिले, असा प्रश्न पडावा इतकं साधं दिसायचं.

तर दोन महिन्यांपूर्वी आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप फोटो निघायचा होता. सगळ्याजणी म्हाताऱ्या, पण फोटो म्हटल्यावर प्रत्येकीला उत्साह. मी पेंटरिणीकडे गेले. तिची लेक एरवी दुकानात असायची, त्या दिवशी नव्हती. दाढ दुखत होती म्हणून डॉक्टरकडे गेली होती. पेंटरिणीने नेहमीसारखं केलं, मीही नेहमीसारखी बडबडले आणि निघाले. तिकडे पोचले, तर आमच्यातली एक जाडजूड बाई, जी कॉलेजातही अशीच होती, माझ्याकडे वाकून बघत म्हणाली, "चेहरा नवीन बसवलास का गं? शिवण दिसतेय."

मी खिडकीच्या काचेत पाहिलं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हनुवटीखालून सरळ रेघ. वर एक बाई, खाली दुसरी. त्यात वरची राखट. रुमाल भिजवून सगळं पुसून टाकलं आणि आहे त्या तोंडाने फोटोला उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तणतणत दुकानात गेले. पेंटरीण दूध आणायला गेली होती. लेक सुजलेला गाल धरून झाडत होती.

"तुझी आई काल झोपेत होती काय?" मी म्हटलं.

तिने झाडू खाली ठेवला. "रेघ राहिली का, मावशी?"

"तुला कसं कळलं?"

"रोजच राहते." आणि ती रडायलाच लागली. एक तर दाढ, त्यात हे. मला रडणाऱ्या माणसांपुढे काय करायचं ते सुचत नाही, म्हणून मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, नीट सांग.

पेंटरिणीला दिसेनासं झालं होतं. एकदम नाही, हळूहळू. रंगांमधले बारीक फरक कळत नव्हते, आणि धूसर दिसत असल्यामुळे सगळ्या कडा तिला विरलेल्याच वाटत. जगातला प्रत्येक चेहरा तिच्या लेखी गुळगुळीत झाला होता. गिऱ्हाईक दारापर्यंत गेलं की लेक "थांबा हं, केस आलाय" म्हणून पुढे व्हायची आणि तळव्यात लपवलेल्या स्पंजने जबड्याची कड पुसून घ्यायची. हे दोन वर्षं चाललं होतं. रंगाची बाटली निवडतानाही ती मधे बोलायची, "आई, ती दुसरी देऊ का, ही संपत आलीय."

"मग सांगत का नाहीस तिला?"

"आजोबांचं माहितीय ना तुम्हाला."

माहीत होतं. तिच्या आजोबांचे, म्हणजे त्या रंगाऱ्याचे, डोळे असेच गेले. तेव्हा कुणी दवाखान्यात नेलं नाही. कोपऱ्यात बसून दिवसभर भिंतीवरून हात फिरवायचे. पेंटरिणीने मनाशी पक्कं धरलं होतं की त्यांच्या घरात डोळे जातात आणि गेले की माणूस संपतो. त्यामुळे डोळ्यांचा विषय निघाला की ती अंगावर यायची.

"आणि मला नोकरी लागलीय," लेक म्हणाली. "मोठ्या शहरात, नाटक कंपनीत, मेकअपला. महिनाअखेरीला होय की नाही कळवायचंय. मी गेले तर हिचं पहिलंच गिऱ्हाईक बोंबलत परत येईल. तुम्ही बोलाल का? तुमचं तिला वाईट वाटत नाही. तुमचं कुणालाच वाटत नाही."

हे कौतुक होतं की काय, ते मी विचारलं नाही.

पेंटरीण दूध घेऊन आली. मी सरळ म्हटलं, "अगं, तुला दिसत नाहीये."

"काय दिसत नाहीये?"

"काल माझ्या तोंडावर रेघ होती. हनुवटीखाली. रंगही चुकला."

"तुम्हाला घाम आला असेल, बाई."

"घामाने ओघळ येतात. रेघ नाही येत."

"वय झालं की कातडी रंग धरत नाही. मी काय करू त्याला?"

म्हणजे आता दोष माझ्या कातडीचा. मीही इरेला पेटले. खुर्चीत जाऊन बसले, म्हटलं, कर पुन्हा. तिने केलं, रागारागाने, पण हात तोच, हलका. झाल्यावर मी म्हटलं, "आता टॉर्च लाव." रंगारी भिंतीला दिवा आडवा चिकटवून धरतात आणि उंचसखल तपासतात. ती पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गालाला टॉर्च तसा धरायची. अलीकडे बंद केलं होतं.

"कशाला टॉर्च? झालंय चांगलं."

"मग लाव की."

तिने ड्रॉवरमधून टॉर्च काढला आणि माझ्या कानाशी धरला. लगेच तोंड फिरवलं. पुन्हा धरला, डोळे बारीक केले. मला तिचे डोळे अगदी जवळून दिसत होते. बाहुलीत दुधाळ ठिपका. माझं ऑपरेशन होण्याआधी माझेही तसेच होते, त्यामुळे तिला काय दिसत असणार ते मला माहीत होतं. उजेड फुटतो, पसरतो आणि त्यामागे काही उरत नाही.

"काय दिसतं?" मी विचारलं.

ती टॉर्च बंद करून बोटांनी माझा जबडा चाचपायला लागली, कानापासून हनुवटीपर्यंत. मग आपण काय करतोय ते तिचं तिलाच कळलं असावं. हात झटकन मागे घेतला आणि लेकीवर खेकसली, "दूध तापव, नासेल."

"मोतीबिंदू आहे," मी म्हटलं. "तुझ्या बापाच्या वेळी कुणी काढला नाही. आता काढतात. माझे दोन्ही काढलेत, आणि मी मेले नाही."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लेकीबरोबर दवाखान्यात गेली, आणि पंधरवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेले, तर माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "अगं बाई, किती सुरकुत्या आल्यात तुम्हाला!" आभार वगैरे काही नाही.

त्याच आठवड्यात ती समोरच्या फोटोवाल्याकडे जाऊन बसली. तिने तयार केलेल्या नवऱ्या मुलींचे दोन वर्षांतले फोटो त्याच्याकडून काढून घेतले, आणि एका डोळ्यावर हात ठेवून एकेक बघितला. मी सोबत होते. कुठेही रेघ नाही. रंग चोख. फोटोवाला खुशीत म्हणाला, "तुमच्या कामाला तोड नाही, मला फोटोला हातसुद्धा लावावा लागत नाही."

लेकीच्या स्पंजची गोष्ट तोवर तिला कळली होती; मीच सांगितली होती. ती बाहेर आली आणि पायरीवरच थांबली. "ह्यात माझं किती आणि तिचं किती, बाई? मला ओळखू येत नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

दुकानात लेक स्पंज धूत होती. पेंटरिणीने विचारलं, "होय कळवलंस का त्यांना?"

"तुझा दुसरा डोळा होऊ दे, मग बघू."

"दुसरा डोळा काय तू करणारेस? तो डॉक्टर करेल."

"आणि तोवर गिऱ्हाईक?"

"तोवर नवऱ्या मुली घेत नाही मी. भुवया करीन, केस धुईन. लोकांची तोंडं कुठे पळून जात नाहीत." मग म्हणाली, "माझ्या पाठीमागून एवढं निभावलंस, तर तिथे उजळ माथ्याने कर की. आज कळव. आत्ता."

लेकीने ओल्या हातानेच फोन लावला.

ती निघाली त्या सकाळी मीही बसस्टँडवर होते. पोरीने स्वतःचा चेहरा स्वतःच केला होता. मला तर काही लावलंय असं वाटलंच नाही. पेंटरिणीने तिला उजेडाकडे वळवलं आणि चांगल्या डोळ्याने बराच वेळ निरखलं.

"कानाजवळ थोडं राहिलंय," ती म्हणाली. हात पुढे आला होता. तो तिने बॅगेच्या पट्ट्याकडे नेला आणि बॅग उचलून दिली. "बसमध्ये बसल्यावर नीट कर."

दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. तोवर दुकानात भुवया आणि केस. एका नवऱ्या मुलीची आई काल फार मागे लागली होती. पेंटरिणीने तिला सांगितलं, लग्न महिनाभर पुढे ढकला, नाहीतर दुसरीकडे जा.