मनुबाईच्या गोळ्या

मनुबाईचं माहेर शिराळ्याच्या अंगाला, डोंगराकडेचं. सासर मात्र कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात. नवरा जोतीराम पलटणीत होता, वर्षातून एकदा रजेवर यायचा. सासरा लग्नाआधीच गेलेला. घरात सासू चंद्राबाई, मनुबाई आणि दोन म्हशी. चंद्राबाईनं एकटीच्या हिमतीवर ऊस सांभाळला होता, पोराला वाढवून पलटणीत धाडलं होतं. गावात तिच्या शब्दाला वजन होतं.

अशा घरात नांदायला आल्याला दोन वर्षं झाली, तरी मनुबाईच्या जिवाला एक घोर होता. तिच्या पोटात मुरडा यायचा. चार घास पोटात गेले की थोड्या वेळानं बेंबीखाली पीळ बसायला लागायचा, कपाळावर घाम यायचा आणि असेल तिथून उठून परसाकडं पळावं लागायचं. रोज नाही, पण कधी होईल याचा नेम नाही.

त्या गावात बायकांनी परसाकडं जायची वेळ ठरलेली होती. उजाडायच्या आत आणि दिवेलागणीनंतर, चार-पाच जणी मिळून ओढ्याच्या अंगाला. भर दुपारी एकटी बाई उसात शिरताना दिसली तर लोक दोनच अर्थ काढत, आणि दोन्ही अर्थांनी बाईची मान खालीच जाई. म्हणून मनुबाई टमरेल घ्यायचीच नाही. विळा आणि दोरी घेऊन निघायची. म्हशींना गवत आणायला चाललीय असं दाखवायचं म्हटल्यावर परत येताना भारा आणावाच लागे. कळ ओसरल्यावर पाय लटपटत असायचे, तशीच बांधावर बसून ती गवत कापायची. दावणीला वैरण कधी कमी पडली नाही.

"माझी सून लय कामाची हाय, दुपारची पडत सुदिक न्हाई," असं चंद्राबाई शेजारच्या अंबूबाईला सांगायची. ते कानावर पडलं की मनुबाईला वाटायचं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

भावकीतल्या एका लग्नात ती पंगतीत वाढत होती. हातात बुंदीची परात होती. मुरडा आला तशी परात तिथंच ठेवून ती मांडवाबाहेर पळाली. परत आली तेव्हा तोंड पांढरंफटक पडलेलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि हसल्या. सुनेला दिवस गेले, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. चंद्राबाईनं तिला घागर उचलू दिली नाही, ताटात तुपाची धार वाढवली. मनुबाईनं नाही म्हटलं नाही. पुढं पाळी आली आणि ती बाजूला बसली. चंद्राबाईनं आपणच घागर उचलली आणि पाण्याला गेली.

त्यानंतर मनुबाई चार दिवस थोरल्या बहिणीकडं, राहीबाईकडं माधवनगरला गेली. राहीबाईचा नवरा गिरणीत होता आणि त्यांच्या चाळीच्या टोकाला संडास होता. मनुबाई तिथं किती वेळा जाते हे राहीबाईच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं खोदून खोदून विचारलं, शेवटी हाताला धरून सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर वयस्कर होते. ते विचारत होते, मनुबाई पायाच्या अंगठ्याकडं बघत होती आणि उत्तरं राहीबाई देत होती. डॉक्टरांनी तपासण्या करायला लावल्या. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "जंत नाहीत, आव नाही, जखम नाही. बाई, तुमचं आतडं हळवं आहे. ते मधेच आवळतं, म्हणून मुरडा येतो. ही गोळी ते सैल करते. दुखणं मुळापासून जाईल असं मी सांगत नाही, पण ताब्यात राहील. जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. तोंड कोरडं पडेल, कधी डोळ्यांना अंधुक दिसेल. घाबरायचं नाही."

गोळ्यांची पुडी ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली गेली. अर्धा तास आधी घ्यायची म्हणजे सासू "ये, बस" कधी म्हणणार याचा अंदाज बांधावा लागे. चुलीवर शेवटची भाकरी टाकली की ती रांजणाकडं जायची आणि पाणी प्यायचं निमित्त करून गोळी गिळायची. घशाला सारखी कोरड पडायची. तांदूळ निवडताना खडे अंधुक दिसायचे. पण पीळ यायचा तो निम्म्यात सुटायचा. संक्रांतीला ती हळदीकुंकवाला गेली आणि शेवटपर्यंत बसून राहिली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. पुड्या संपत आल्या की राहीबाई कुणाबरोबर तरी नवीन धाडायची.

एके दिवशी चंद्राबाई पाठीमागं येऊन उभी राहिली होती ते मनुबाईला कळलंच नाही.

"काय गिळलंस?"

"काय न्हाई, आत्या."

"म्या बगितलं. दाव हात."

हातात पुडी होती. त्या साली चावडीच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता आणि नर्सबाई दारोदार फिरून पाळणा लांबवायचं सांगत होती. चंद्राबाईच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "पोर हुऊ ने म्हणून खातीस व्हय?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून सगळंच बाहेर आलं असतं. दुपारचं गवत, उसातल्या सऱ्या, मांडवातली परात, आणि ते तूप. सासूच्या तोंडावर हे बोलायचं या विचारानंच मनुबाईच्या कानशिलांना चटका बसला.

"व्हय," ती म्हणाली.

चंद्राबाई ओरडली नाही. उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "एकुलता एक हाय गं माजा." मग उठून तिनं पुडी चुलीत टाकली. त्या दिवसापासून दोघींत कामापुरतंच बोलणं राहिलं. ट्रंकेत दुसरी पुडी नव्हती, आणि राहीबाईनं धाडलेली आता सासूच्याच हाती पडली असती. मुरडा परत सुरू झाला आणि विळा-दोरीही.

जोतीराम रजेवर आला तेव्हा आईनं त्याला गोठ्यात नेऊन सगळं सांगितलं. दोन दिवस तो मनुबाईकडं न बघता जेवत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती विळा घेऊन निघाली, तसा तोही थोडं अंतर ठेवून मागं निघाला.

ती उसातून बाहेर आली तेव्हा तो बांधावर उभा होता. मनुबाईच्या हातून विळा गळून पडला.

"कोण हाय आत?" त्यानं विचारलं.

"कोन न्हाई वो."

"मग कशाला शिरलीस?"

ती खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन बोलायला लागली. पहिल्यांदा त्याला काही ऐकूच येईना. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. मुरडा, माधवनगर, डॉक्टर, गोळ्या कशाच्या होत्या ते. जोतीराम उभाच होता, तो बांधावर बसला. त्यानं उसाचं एक पान उभं चिरलं.

"आन् आयेला सांगितलंस, पोर नगं म्हणून खाती?"

"त्येच सांगाय सोपं गेलं."

"सोपं?" तो म्हणाला. "तिकडं माणसं पोरांचं फोटू छातीशी धरून झोपत्यात. दोन दिवस मला वाटतंय, हिला माझं मूल नगं हाय. त्यापरीस पोट दुखतंय म्हणायला काय झालं हुतं?"

इतके दिवस मनुबाईला स्वतःच्या देहाची लाज वाटत होती. आज नवऱ्याचा चेहरा बघताना वाटली ती निराळीच होती, आणि ती लपवायला उसाच्या सऱ्याही पुरल्या नसत्या. "आत्यास्नी सांगू नगा," एवढंच ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी चंद्राबाईनं आपल्या हातानं चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या आणि सुनेला पुढ्यात बसवून विचारलं, "ह्या गोळ्या कुटं मिळत्यात?"

जोतीराम सांगलीहून गोळ्या घेऊन आला. येताना कुदळही घेऊन आला. गोठ्यामागच्या परड्यात त्यानं खोल खड्डा खणला, वर फळ्या टाकल्या आणि चारी बाजूंनी पाचटाचा कूड उभा केला. त्या आळीत असलं काही कुणाच्या दारात नव्हतं. दुपारपर्यंत अंबूबाई येऊन उभी राहिली.

"चंद्राबाई, ह्ये कुनासाठी गं?"

मनुबाई आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मला," चंद्राबाई म्हणाली. "गुडघं आखडलं माजं. वड्यापतूर जाववत न्हाई आता."

अंबूबाई हसली. उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाड्याचा भारा घेऊन बांध चढणारी ही बाई, हिच्या गुडघ्याला काय झालं? चार दिवसांत गावभर झालं, की चंद्राबाईला म्हातारपणी मडमेची ऐट आलीय. चंद्राबाई त्या दिवसापासून चारचौघींत लंगडायला लागली. बायकांबरोबर ओढ्याला जाणं सुटलं आणि तिथल्या गप्पाही सुटल्या. बाहेर जाऊन खरं सांगावं असं मनुबाईच्या रोज मनात यायचं. ती गेली नाही. एकदा गोठ्यात पाय धरायला वाकली, तर चंद्राबाई म्हणाली, "म्हशीला पाणी दाव आदी."

पुढच्या वर्षी मनुबाईला मुलगी झाली. पोटुशी असताना डॉक्टरांनी गोळ्या बंद ठेवल्या होत्या, तेव्हा पाचटाच्या कुडानं लाज राखली. पुढं गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आता त्या फडताळात, मिठाच्या बरणीशेजारी असायच्या. बहुतेक दिवस त्या लागू पडत, एखाद्या दिवशी नाही.

मुलगी वर्षाची झाल्यावर नागपंचमीला सगळ्या मिळून शिराळ्याला निघाल्या. गाडी भावकीतल्या सयाजीची होती, त्यात अंबूबाई आणि आळीतल्या आणखी दोघी. मनुबाईनं सकाळी गोळी घेतली होती आणि भीतीनं काही खाल्लं नव्हतं. तरी अर्ध्या वाटेत पीळ बसायला लागला. तिनं मुलीला घट्ट धरलं, ओठ मिटले आणि बैलांच्या शिंगांकडं बघत राहिली.

"सयाजी, गाडी थांबीव," चंद्राबाई म्हणाली. "गुडघं आखडलं माजं. मने, चल, हात धर जरा. त्या घाणेरीच्या जाळीपतूर चालून आलं म्हंजे मोकळं हुतील."

गाडीतल्या बायका पदराआड हसल्या. मनुबाईनं मुलगी अंबूबाईच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरली. सासूचा हात धरून ती जाळीकडं निघाली. चंद्राबाई तिच्यापेक्षा झपाझप चालत होती.