डाव्या सीटसमोरचं मॅट

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक लाल हॅचबॅक माझ्या मनात भरली. रोज ऑफिसला नेता येईल, महिन्यातल्या एखाद्या रविवारी रेस ट्रॅकवर मनसोक्त पळवता येईल आणि खिशालाही झेपेल, अशीच मला हवी होती. इंजिनाचा आवाज ऐकला, टायर पाहिले. सगळं ठीक होतं.

मग डावीकडचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या टाचेखालचं मॅट झिजतंच, त्यात नवल नाही. पण इथे शेजारी बसणाऱ्याचं मॅटही झिजलं होतं, तेही पुढे, ब्रेक असता तर जिथे असता, नेमकं तिथे. कुणीतरी वर्षानुवर्षं इथे बसून नसलेला ब्रेक दाबत आलं होतं. बहुधा काही न बोलता. वेग आपला एकट्याचा, असं मी आजवर खुशाल धरून चाललो होतो. गाडीला आरसे तीन, पण शेजारच्याचा पाय एकातही दिसत नाही.

"बसून बघ ना," मी बायकोला म्हटलं.

ती बसली. "छान आहे. तुला आवडलीय ना? मग घेऊन टाक."

बोलता बोलता तिचा उजवा पाय पुढे सरकला आणि त्या झिजलेल्या जागेवर घट्ट टेकला. गाडी तर बंद होती.