दोघांत एक जोडी

शुक्रवारी सकाळी माधवीवहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले हो..." एवढंच त्या बोलू शकल्या. मिरकाबहून मंगफला गाडी कशी चालवली, ते मला आजही आठवत नाही. अरविंद झोपेतच गेला होता. चार दिवसांत कागदपत्रं झाली, शवपेटी नाशिकला गेली, आणि मला त्याला जे सांगायचं होतं ते माझ्याजवळच राहिलं. आज सहा आठवडे झाले.

आखाती युद्धानंतरच्या वर्षांत आम्ही मंगफला एका खोलीत राहायचो. मी पुण्याचा, तो नाशिकचा, दोघंही मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत शिफ्ट इंजिनिअर. दोघांत एक इस्त्री, एक कुकर आणि कुणाकडे जेवायला जायचं तर एकच कोट. अरविंद सहा फुटी, मी जेमतेम साडेपाच. कोट त्याला आखूड व्हायचा नि मला लांब. कॉलेजात असताना तो हिमालयात स्कीइंग शिकला होता आणि ते वेड वाळवंटात येऊनही उतरलं नव्हतं. ईदची सुट्टी आली की मला ओढत लेबनॉनच्या बर्फात न्यायचा. पहिल्या वर्षी मी पायांपेक्षा पाठीवरच जास्त उतरलो. पुढे लग्नं झाली, वेगवेगळे फ्लॅट झाले, ईदची वारी मात्र सुटली नाही. सहा-सात हिवाळ्यांनंतर मीही कुठलाही उतार न घाबरता उतरू लागलो, आणि मग भाड्याच्या स्कीज दोघांनाही टोचायला लागल्या.

स्वतःची जोडी घ्यायची ठरलं, तीही दोघांत एकच. बर्फ वर्षातून चार दिवस, त्याला दोन जोड्या कशाला? एकाने आपली वापरायची, दुसऱ्याने भाड्याची, आणि दुपारी अदलाबदल. आमच्या बायका हसून हसून थकल्या. अरविंदने मात्र ग्राफपेपर काढला. सकाळचा उतार गोठून काचेसारखा कडक असतो, तिथे अरुंद स्कीची धार पकडते. बाजूच्या ताज्या, भुसभुशीत बर्फात तीच स्की बुडते, तिथे रुंद हवी. कडक स्की वेगात स्थिर राहते, पण उंचवट्यांवरून वळताना गुडघे खाते. तीन महिने हाच विषय चालला होता. शेवटी त्याने मधल्या रुंदीची, मध्यम कडक जोडी पक्की केली.

"एक ना धड भाराभर चिंध्या," मी म्हणालो.

"सद्या, सगळीकडे उत्तम अशी स्की नसतेच रे. सगळीकडे बरी असेल ती घ्यायची. आणि तेच अवघड असतं."

लांबीवर तो जास्त अडला. त्याच्या वेगाला लांब स्की हवी होती, हे मलाही दिसत होतं. दुकानात त्याने ती हातात घेतली, माझ्याशेजारी उभी करून पाहिली आणि गुपचूप परत ठेवली. घेतली ती त्याच्या हनुवटीला लागणारी. "मला चालेल," म्हणाला. मी लगेच मान डोलावली. आज त्या मान डोलावण्याची लाज वाटते.

स्कीवर बूट पकडणारा चाप असतो, बाइंडिंग. पडल्यावर तो वेळेवर सुटला नाही तर पाय मोडतो, आणि किती जोरावर सुटायचं ते माणसाच्या वजनाप्रमाणे एका स्क्रूने ठरवतात. आमची वजनं वेगळी, बूटही वेगळे. म्हणून वहिनींच्या नेलपॉलिशने माझी खूण लाल केली आणि त्याची गुलाबी. नियम अरविंदने रिफायनरीतून आणला. शिफ्ट संपवणाऱ्याने सगळं पुढच्या माणसासाठी तयार ठेवून निघायचं. जो स्की उतरवेल त्याने स्क्रू फिरवून दुसऱ्याच्या खुणेवर आणायचा, मगच द्यायची. चार वर्षांत त्याची एकदाही चूक झाली नाही. माझी दोनदा झाली. दोन्ही वेळा त्यानेच स्क्रूड्रायव्हर काढला.

मग मला मिरकाबच्या ऑफिसात मोठी नोकरी लागली. नवे मित्र मिळाले, त्यांच्याबरोबर लेबनॉनला गेलो आणि तिथे स्वतःसाठी नवी जोडी घेतली. अरविंदला आधी सांगितलंही नाही. कळल्यावर तो म्हणाला, "बरं केलंस," आणि विषय बदलला. पुढच्या ईदला मी नव्या मंडळींबरोबर गेलो, त्यानंतरच्या ईदलाही. तो एकटा जात राहिला. आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर निदान मिटवायला गेलो असतो...

गेल्या आठवड्यात वहिनी फ्लॅट आवरत होत्या. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द व्हायला आला आहे, सामान नाशिकला जातंय. "त्या स्कीज तुम्ही न्या, भावजी," त्या म्हणाल्या. कपाटामागून काढून मी त्या खिडकीशी आणल्या. कडांना तेल लावलेलं होतं. दोन्ही स्कीजवर स्क्रू लाल खुणेवर होता.

मी वहिनींकडे पाहिलं.

"लेबनॉनहून आले की बॅग उघडायच्या आधी हेच घेऊन बसायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, अहो, आता कोण मागायला येणार आहे? तर म्हणायचे, पाळी त्याची आहे." मला तिथेच रडू फुटलं. वहिनी पाणी आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

स्कीज आता माझ्या दाराशी उभ्या आहेत. माझं वजन वाढलंय, ती लाल खूण आता माझ्या कामाची नाही, पण स्क्रूला मी हात लावलेला नाही. मित्र विचारतात, यंदा घेऊन जाणार का? जाईनही. पण उतरल्यावर नियमाप्रमाणे स्क्रू अरविंदच्या खुणेवर आणावा लागेल, आणि मग जोडी हातात धरून मी कुणाची वाट बघू? म्हणून माझी पाळी मी अजून घेतलेली नाही.