घाटाच्या पहिल्या वळणावर बंद पडणारी गाडी

गेल्या वर्षी मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी मी छावणीतून एक जुनी मोटारसायकल विकत घेतली. त्याच आठवड्यातल्या रविवारी ती दौलताबादच्या घाटात पहिल्या वळणावर बंद पडली.

गाडी माझ्यासाठी नव्हती. माझी बायको आरोग्यसेविका आहे आणि तिची बदली घाटावरच्या एका गावातल्या उपकेंद्रात झाली होती. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरापासून तिकडे जायला एसटी होती, पण ती पोहोचेपर्यंत लसीकरणाला आलेल्या बाया लेकरं घेऊन परत गेलेल्या असत. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नसे. स्कूटीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "बारक्या चाकाची नको. त्या रस्त्याला मी पुढं जाईन आणि स्कूटी खड्ड्यात राहील." लग्नाआधी भावाची मोटारसायकल चालवून तिचा हात बसलेला होता.

दुसरा पर्यायही तयार होता. उपकेंद्राच्या मागेच एक खोली भाड्याने मिळत होती. सोमवार ते शनिवार ती तिथे राहणार आणि रविवारी घरी येणार. घरमालकीणबाईंनी महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांबायचे कबूल केले होते.

"गाडी घाट चढली तर घर एक," बायको म्हणाली. "नाही चढली तर मी स्टोव्ह आणि दोन पातेली घेऊन जाते. कोणती पातेली ते आत्ताच बाजूला काढून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको."

तिने खरोखरच काढून ठेवली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टोव्ह, त्यावर मोठे पातेले, त्यात लहान पातेले. भातासाठी मला रोज तिथूनच पातेले उचलून आणावे लागे आणि जेवण झाल्यावर ते घासून पुन्हा तिथेच ठेवावे लागे.

गाडी विकणाऱ्या गृहस्थांनी ती एका हातची असल्याचे सांगितले होते. कागदपत्रांवरून त्याला दुजोरा मिळाला. त्यांनी मला छावणीत एक फेरी मारू दिली. छावणीतले रस्ते सरळ, सपाट आणि सावलीचे आहेत. तिथे कुठलीही गाडी चांगली चालते. हे निरीक्षण नंतरचे.

गाडी घरी आली तेव्हा फाटकात माझे सासरे उभे होते. ते पलीकडच्या गल्लीत राहतात. मी त्यांना मामा म्हणतो, बायको आप्पा म्हणते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात त्यांची नोकरी झाली. उघडी राहिलेली कोणतीही वस्तू पाहिली की त्यांचा जीव खालीवर होतो. आमच्या टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक आहे, फ्रिजच्या दांड्याला कापड आहे आणि लग्नाचा अल्बम पाहून पाहुण्यांना वाटते की तो अजून दुकानातून आलाच नाही.

मामांनी गाडीभोवती फिरून पाहणी केली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाशी ते थांबले. चावीच्या भोकावरची बारकी पत्र्याची टोपी तुटून गेलेली होती.

"हे उघडंय," ते म्हणाले.

"चालतंय मामा, जुनी गाडी आहे."

"उद्या धुताना पाणी जाईल त्याच्यात. मंग?"

त्यांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली, दातांनी तोडली आणि झाकणावर बसवली. कडा अंगठ्याने दाबून घेतल्या. काम स्वच्छ होते. तेव्हापासून रोज सकाळी सातच्या सुमारास मामा येत, गाडी धूत आणि पट्टी तपासून जात.

पहिल्या रविवारी गाडी बायकोने चालवली. मी मागे बसलो. छावणी, पडेगाव, दौलताबादचा किल्ला इथपर्यंत काहीही झाले नाही. घाट सुरू झाला. पहिल्या वळणाशी गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. मी उतरून पट्टी काढली आणि झाकण उघडले. फुस्स असा आवाज आला. टाकी उन्हाने तापली असावी, असे मी म्हणालो. पेट्रोल भरपूर होते. झाकण लावून किक मारली तर गाडी सुरू झाली, पण पुढे न जाता आम्ही परत फिरलो. घरापर्यंत ती एकदाही अडली नाही.

"माहेरी यायला तयार आहे," बायको म्हणाली. "सासरी जायलाच नको म्हणती."

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मला छापील अंदाजपत्रक मिळाले. गाडीच्या किमतीपेक्षा ते थोडेसेच कमी होते. मी ते वाचले, घडी घातली आणि परत दिले. त्यानंतर स्वस्तातला शोध सुरू झाला.

आमच्या घराजवळ रस्त्याच्या कडेला एक मिस्त्री बसतात. लिंबाचे झाड, एक पाट, हत्यारांचा डबा, एवढेच त्यांचे वर्कशॉप. त्यांनी आधी पट्टी काढली.

"हे कुणी चिटकवलं?"

"सासऱ्यांनी."

"हुशार हायेत. पानी जात नाय." पट्टी त्यांनी हँडलला लावून ठेवली आणि टाकीत डोकावले. मग कार्बोरेटर सोडला, धुतला, प्लग बदलला. "नवा टाकू का जुना चांगला टाकू?"

"फरक काय?"

"नवा लई महाग. जुना चांगला असतो."

जुना चांगला टाकला. मिस्त्री गाडी घेऊन चौकापर्यंत जाऊन आले. "पळती की हरणासारखी. कचरा व्हता साहेब, कचरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी नवी पट्टी लावली. त्यानंतरच्या रविवारी गाडी त्याच वळणाला थांबली.

परतताना पडेगावला आम्ही एका उस्तादांकडे गेलो. त्यांचे गॅरेज पत्र्याचे होते आणि बोलणे दख्खनी. मी मिस्त्रींनी केलेल्या कामाची माहिती दिली.

"कारबोरेटर किसने खोल्या इसका?"

"पुंडलिकनगरचे एक मिस्त्री."

"खोल्या नै साब, फाड्या." त्यांनी स्क्रू फिरवला, कान लावला, पुन्हा फिरवला. फेरी मारून आले. गाडी उत्तम चालली, कारण रस्ता पडेगावचा होता आणि पट्टी माझ्या खिशात होती. यातले पहिले कारण मला तेव्हा माहीत होते.

"अभी ठीक चलती, मगर चढान पे नै जाती बोले ना तुम? रिंग-पिस्टन गया. इंजन खोलना."

"खर्च?"

त्यांनी खर्च सांगितला. बायकोने माझ्याकडे पाहिले. इंजिन उघडले तर खोलीची आगाऊ रक्कम देणे जमणार नव्हते. खोली घेतली तर इंजिन उघडणे जमणार नव्हते. आणि इंजिन उघडूनही गाडी चढली नाही, तर खोलीही नाही आणि गाडीही नाही. हे सगळे ती फक्त एका वाक्यात म्हणाली.

"आधी नक्की करा, मग खोला."

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. आमच्याकडे एका सूत्राच्या भरवशावर बातमी लावत नाहीत. उस्तादांचे निदान घेऊन मी दुजोऱ्यासाठी मिस्त्रींकडे गेलो.

"कोन म्हनतंय इंजिन खोला? पडेगाववाला?" मिस्त्री हसले. "त्याला पंक्चर जरी दाखवलं ना, तरी इंजिन खोला म्हनंल. आन् हा स्क्रू कुणी पिळला?"

त्यांनी स्क्रू परत पूर्वीच्या जागी आणला, क्लचची तार आवळली आणि फेरी मारून आले. मी त्यांचे म्हणणे उस्तादांपर्यंत पोहोचवले. उस्तादांनी क्लच सैल केला, स्क्रू परत फिरवला आणि म्हणाले, "उनको बोलो, लिंब के झाड के नीचे लिंबू बेचो." हा निरोप मी शब्दशः दिला. मिस्त्रींनी त्यावर दिलेली प्रतिक्रिया छापण्याजोगी नव्हती, पण ती देता देता त्यांनी क्लच पुन्हा आवळला.

दोन्ही बाजू अशा रीतीने पूर्ण मांडल्या गेल्या. कुणीही मोठे पैसे घेतले नाहीत. दोघांचाही हेतू गाडीपेक्षा दुसऱ्याला खोटे पाडण्याचा होता आणि त्या कामाचे ते फारसे लावत नव्हते. मधल्या काळात गाडी मात्र वळणाच्या अलीकडेच, किल्ला मागे पडताच, थांबू लागली.

ही बातमी मामांना कळली. त्यांनी स्वतःचे निदान केले.

"पेट्रोलमधी पानी जातंय."

"कुठून मामा? तुम्ही तर पट्टी लावता."

"एकेरी लावतो ना. सुटत असंल." त्या दिवसापासून पट्टी दुहेरी झाली. पुढच्या आठवड्यात तिहेरी.

मामांना खोलीचे माहीत होते. ते त्यावर कधी बोलले नाहीत. एकदा सकाळी पाणी प्यायला आत आले तेव्हा कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे आणि पातेल्यांकडे त्यांनी पाहिले आणि विचारले, "हे उघडंच नेणार का? खोका आणून देऊ?" मग उत्तराची वाट न पाहता ते बाहेर गेले आणि बराच वेळ गाडी पुसत राहिले.

शेवटचा रविवार आला. घरमालकीणबाईंचा सकाळीच फोन आला होता. संध्याकाळपर्यंत काय ते कळवा, दुसरे कुणी विचारून गेले आहे. मामांनी गाडी धुऊन ठेवली होती. झाकणावर पट्टी होती आणि तिच्या कडा नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबलेल्या दिसत होत्या. निघताना ते म्हणाले, "हळू जा. चढवा तिला."

किल्ल्यापाशी उतारावरची बैलगाडी जाऊ द्यायला बायकोने वेग कमी केला. गाडीने आचके दिले आणि थांबली. घाट अजून सुरूही झाला नव्हता.

ती खाली उतरली नाही. हँडलवर हात ठेवून बसून राहिली. मी पर्याय सुचवू लागलो, तेव्हा तिने हात वर केला.

"हे बघा."

झाकणावरची काळी पट्टी मधोमध आत ओढली गेली होती. हसणाऱ्या माणसाच्या गालावर पडते तशी खळी पडली होती.

"गाडी थांबल्यावर दर वेळी झाकण कोण उघडतं?"

"मी."

"आणि उघडलं की फुस्स वाजतं आणि सुरू होते. मिस्त्री काय करतो आधी? पट्टी काढतो. उस्ताद?"

"पट्टी काढतात."

"काचेच्या बाटलीतलं सलाईन लावताना वरून हवेची सुई टोचावी लागते. ती राहिली की थेंब थांबतो. बाटली भरलेलीच असते आणि पेशंट तसाच. टाकीलाही झाकणाच्या या भोकातूनच हवा लागत असणार." तिने ओढणीची सेफ्टी पिन काढली आणि खळीच्या मधोमध टोचली. आवाज आला. खळी हळूहळू भरून आली. "इतके दिवस तुम्ही दोघादोघांना विचारत फिरले. पेशंटला कुणी विचारलंच नाही."

पिन तिने तशीच ठेवून किक मारली. आम्ही दोघे बसून घाट चढलो. पहिले वळण गेले, त्यापुढची गेली, वर वारा लागला. मी मागून एकदा विचारले, "थांबायचं का, बघायचं का?" ती म्हणाली, "बोलू नका. वजन वाढतं." उपकेंद्राला रविवारचे कुलूप होते. मागची खोली आम्ही बाहेरूनच पाहिली आणि घरमालकीणबाईंना तिथेच सांगून टाकले. त्यांनी चहा दिला. पत्रे तापतात हो, असे त्यांनीच शेवटी सांगितले.

घरी आलो तेव्हा मामा फाटकात उभे होते. हातात चिकटपट्टीचे नवे बंडल होते.

"चढली?"

"चढली आप्पा."

"मंग? पानी निघालं का आत?"

बायकोने गाडी स्टँडवर लावली. "पाणी नव्हतं. हवा नव्हती. तुमच्या पट्टीला मी भोक पाडलंय."

मामा वाकून झाकण पाहू लागले. त्यांना सूट मिळावी म्हणून मी म्हणालो, "मिस्त्रींच्याही लक्षात आलं नाही मामा. त्यांनी तर तुम्हाला हुशार म्हटलं."

मामांनी माझ्याकडे लक्ष दिले नाही. ते मुलीला म्हणाले, "हवा लागते म्हनून आधी सांगायचं ना. भोकाचं पॅकिंग येगळं असतं. आमच्याकडं फळांच्या खोक्याला भोकं पाडायचो आम्ही. मोजून. असं पिनेनं वेडंवाकडं नाय."

"मग तुम्ही पाडा."

"पाडतो. सुई तापवून आन. अन् ती पातेली जाग्यावर ठेव आधी."

मिस्त्री आणि उस्ताद या दोघांनाही मी गाडी घाट चढल्याचे कळवले. ती आपल्याच हाताने दुरुस्त झाल्याचा दावा दोघांनीही केला आहे. इंजिन उघडलेले नाही.

सोमवारी सकाळी बायको उपकेंद्रात वेळेवर पोहोचली आणि संध्याकाळी घरी आली. मागची खोली पुढे एका शिक्षकांनी घेतली. झाकणावरची पट्टी मामा दर रविवारी बदलतात. भोक ते आधी पाडतात आणि पट्टी नंतर चिकटवतात.