रिकाम्या केबिनमधली रेस

भूत-बीत मानणाऱ्यांतला मी नाही. माझा धंदाच तसा होता. गाडी बिघडली की त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत शोधायचं असतं. पस्तीस वर्षं खाणीवरच्या ट्रकांची इंजिनं उघडली, बोनेटला लिंबू-मिरची बांधणाऱ्या ड्रायव्हरांची चेष्टा केली. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण ज्याला सांगितलं असतं तो ऐकण्याच्या स्थितीत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी गोव्यात, डिचोलीपासून तीनेक किलोमीटरवर राहतो. एकटा. लग्न केलं नाही. घराच्या मागे पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात दोन वर्षं एक ट्रक उभा होता – लष्कराच्या लिलावातला, एक टनाचा, पेट्रोलवर चालणारा, कार्बोरेटरवाला. खाणी बंद झाल्या तेव्हा मी आणि बाबल, आम्ही दोघांनी मिळून तो घेतला होता. बाबल मूळचा दोडामार्गकडचा, माझ्याच खाणीवर ड्रायव्हर. मी दुरुस्ती करायची, त्याने चालवायचा. जत्रांच्या दुकानांचं सामान, मांडवाचे खांब, असलं काय काय आम्ही त्यातून नेत असू. मेहनत फार, पण दिवस मजेत जायचे. दुपारी शेडमध्ये बसून एका ताटात जेवायचो.

मग बाबलला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्याची मुलगी सुषमा तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला आहे, ती त्याला तिकडे भाड्याच्या घरात घेऊन गेली. मी एकदा भेटायला गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि नुसता आवाज आला. मी पाच मिनिटांत उठलो. त्यानंतर दोन वर्षं गेलो नाही. सुषमा फोन करायची, मी म्हणायचो, येतो, पुढच्या आठवड्यात नक्की येतो.

हे आधीच सांगतो, कारण नंतर लपवल्यासारखं वाटेल.

गेल्या मार्चमध्ये पेडण्याच्या एका हॉटेलवाल्याला आमचा ट्रक दारात शोभेला उभा करायला हवा होता. त्याची अट एकच – गाडी स्वतः चालत यायला हवी. मलाही शेडकडे बघवत नव्हतं. हो म्हटलं आणि कामाला लागलो.

इंजिन चालू झालं, पण स्लोवर टिकेना. रेस दिली की ठीक, पाय काढला की गाडी सगळी थरथरायची आणि बंद पडायची. प्लग बदलले, पॉइंटचा गॅप बघितला, कार्बोरेटर खोलून जेट साफ केले, खालचं पॅकिंग नवीन घातलं. तरी तेच. व्हॅक्यूमचा गेज लावला तर काटा अठराच्या जागी तेरा-चौदावर लटपटत होता. म्हणजे इंजिन कुठून तरी बाहेरची हवा ओढतंय. आम्ही म्हणतो, गाडी एअर घेतेय.

अशी गळती शोधायला दोन माणसं लागतात. स्लोवर इंजिन इतकं हलतं की हवेची बारीक सुस्स ऐकूच येत नाही. एकाने केबिनमध्ये बसून रेस किंचित वाढवून धरायची, सोडायची, परत धरायची. दुसऱ्याने रबरी पाइप कानाला लावून त्याचं दुसरं टोक इंजिनावर फिरवायचं. एकट्याने करायला गेलं तर एक हात कार्बोरेटरच्या लिव्हरवर अडकतो आणि दुसरा मागे पोचत नाही. तीन दिवस मी तसाच झटत होतो.

चौथ्या दिवशी, दुपारी सव्वातीनची वेळ. आमच्याकडे या वेळेला सगळे जेवून आडवे झालेले असतात, रस्त्यावर माणूस दिसत नाही. स्लोचा स्क्रू आवळून इंजिन थरथरत का होईना चालू ठेवलं होतं आणि मी बोनेटखाली वाकलो होतो, पाइप कानाला. आणि सवयीने तोंडातून गेलं, "दे."

इतकी वर्षं बाबलला असंच सांगायचो. दे, धर, सोड.

रेस वाढली.

मला पहिल्यांदा काही वाटलं नाही. एअर घेणारं इंजिन आपोआप वर-खाली होतं, त्यात नवल नाही. मी म्हटलं, "सोड." रेस खाली आली. तेव्हा मात्र मी पाइप काढला आणि लिव्हरकडे बघितलं. इंजिन आपोआप वर-खाली होईल, पण लिव्हर हलणार नाही. त्याला ओढून धरणारी स्प्रिंग चांगली कडक आहे, ती मीच बसवलेली.

लिव्हरवरून नजर न काढता हळूच म्हटलं, "दे... धर."

पेडलकडून येणारी सळई पुढे सरकली. लिव्हर बोटभर उघडला आणि तिथेच थांबला. थरथर गेली, इंजिन एका सुरात चालू लागलं. अगदी बाबल धरायचा तसं – त्याचा पाय फार हलका, इतर ड्रायव्हरांसारखा धसमुसळा नाही.

पळून जावंसं वाटलं असेल असं तुम्ही म्हणाल. खरं सांगतो, नाही वाटलं. मी पाइप परत कानाला लावला आणि काम करत राहिलो. मागच्या बाजूला, जुन्या वायपरच्या व्हॅक्यूम पाइपला रबरी टोपी घातली होती, तिथे सुस्स ऐकू आली. टोपी खालून चिरली होती. वरून बघितली तर चांगली दिसायची. मी तिच्यावर अंगठा दाबला आणि म्हटलं, "सोड."

लिव्हर मागे आला. इंजिन स्लोवर शांत चालू राहिलं. गेजचा काटा अठरावर.

मग मी केबिनपाशी गेलो. दोन्ही दारं बंद. सीटवरची धूळ तशीच, कोणी बसल्याची खूण नाही. मी फूटबोर्डवर बसून राहिलो. पेट्रोल संपून इंजिन बंद पडलं तेव्हा उठलो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सुषमाचा फोन आला. तिची त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून दुपारी ती घरी होती.

"काका, आज बाबांचो पाय हलत होतो," ती म्हणाली. "उजवो."

मी विचारलं, कधी. ती म्हणाली, तीन-साडेतीनला. ती त्याच्या बाजूलाच चटई टाकून पडली होती. पाऊल खाली दाबायचा, थांबायचा, सोडायचा. दोन वेळा. दुसऱ्यांदा कितीतरी वेळ दाबून धरलं होतं. तिला वाटलं बाबा गाडी चालवतायत. ट्रक मी काढलाय हे तिला ठाऊकच नव्हतं. मी फक्त उद्या येतो म्हटलं.

सकाळी नवी टोपी बसवली, बाजारातून उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, घेतले आणि ट्रक घेऊनच निघालो. म्हापशावरून, कोलवाळचा पूल ओलांडून तुये. वाटेत इंजिन एकदाही अडखळलं नाही, मिसिंग नाही.

बाबल जनेलाजवळच्या, खिडकीला लागून असलेल्या खाटेवर होता. फार वाळला होता. मी बाजूला बसलो, उंडा चहात बुडवून थोडा थोडा भरवला. त्याने खाल्ला. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. सुषमा आत गेल्यावर मी चादर बाजूला केली आणि त्याचं उजवं पाऊल हातात घेतलं. थंड होतं. दाबून बघितलं, हाक मारली. पाय हलला नाही. त्यानंतर कधीच हलला नाही.

डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांच्या स्नायूंना कधीकधी झटके येतात. असेल. सळई, स्प्रिंग, लिव्हर मी दोनदा खोलून बघितले, काही दोष नाही. ट्रक आता हॉटेलच्या दारात उभा आहे, लोक त्याच्यापुढे फोटो काढतात. मी दर आठवड्याला बसने तुयेला जातो. बाबल जनेलातून बाहेर बघत पडलेला असतो, मीही बघत बसतो.

तुमच्यापैकी कोणाला गाड्यांतलं कळत असेल तर जरूर सांगा, लिव्हर कसा हलला असेल ते. दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगू शकेल असं वाटत नाही. सुषमाच्या फोनमधून मला त्याने दोन वर्षं बोलावलं, मी गेलो नाही. मी एकदाच, तेही सवयीने 'दे' म्हटलं... तर तो का आला?