नोंदवहीतला पहिला रकाना

माझे संपूर्ण नाव दत्तात्रय बळवंत मोघे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. झाशी स्थानकाच्या पार्सल कचेरीतून निवृत्त. शालेय शिक्षण चौथीपर्यंत. पुढचे सर्व स्वतः वाचून मिळवलेले. जिथे काम सावकाश चालते आणि वाट पाहणे फार असते, तिथे किस्से आपोआप साठतात, असा माझा अनुभव आहे. आमच्या मंडळींचे असे ठिकाण म्हणजे खंडेराव गेटाजवळची सशांची शेड.

शेड रामकलीची. लग्नानंतर नऊ वर्षांत मूल झाले नाही, म्हणून मऊरानीपुरच्या सासरच्यांनी तिला माहेरी धाडले आणि दुसरी आणली. माहेर एरचचे, तिथे भावजयीचे टोमणे. अखेर झाशीत एका संस्थेने तिला बारा माद्या आणि तीन नर दिले. अट एकच: दिवाळीपर्यंत पिल्ले झाली नाहीत, तर ससे परत. ससे परत, म्हणजे रामकलीही एरचला परत. शेडची नोंदवही मी ठेवी, पहिला रकाना मादीचा. आणि माद्यांना काही केल्या पिल्ले होईनात.

*

पशुवैद्य डॉक्टर विंझे आमच्याच जुन्या मराठी मंडळींपैकी. त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शने सुचवली. त्यांतले पहिले गाभण घोडीच्या रक्तातून काढलेले. त्या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला आणि रामकलीला यथासांग समजावून दिला. तिने सारे लक्षपूर्वक ऐकले.

"घोड़ी का असर आ गया, बाबूजी, तो पिंजरे छोटे पड़ेंगे."

*

औषध दिल्लीहून बर्फ भरलेल्या थर्मासातून, गार्डच्या डब्यात येई. गार्ड लालताप्रसाद माझे जुने स्नेही. एकदा डॉक्टरांनी सिरिंज उकळून सज्ज ठेवली, थर्मास उघडला, आणि आत आल्याचा चहा निघाला. गाडी तोवर पुढे सुटली होती. मी या वयात धावत स्थानक गाठले आणि ललितपुरला फोन करवला की गार्डसाहेबांनी आपला थर्मास कृपया तोंडाला लावू नये.

तासाभराने उत्तर आले: "शीशी सलामत है. चाय पी ली हो, तो थर्मास धोकर भेजें."

*

ग्रंथात सर्व काही तासांच्या हिशेबाने होते. पहिल्या इंजेक्शनानंतर अठ्ठेचाळीस तासांनी मादी नराकडे न्यायची, त्याच वेळी दुसरे इंजेक्शन द्यायचे, आणि एकतिसाव्या दिवसाच्या आसपास पिल्ले अपेक्षित. मी फळ्यावर रेल्वेच्या धर्तीचे वेळापत्रक रंगवले आणि प्रत्येक मादीपुढे आगमनाची वेळ लिहिली. एप्रिलमध्ये साऱ्या गाड्या विलंबाने धावत होत्या. मे महिन्यात मी एकेकीपुढे 'रद्द' लिहू लागलो.

रामकलीने झाडू थांबवला. "बाबूजी, आप बस टाइम बदल रहे हो. इंजन भी देखा कि नहीं?"

पार्सल कचेरीत माझी चौतीस वर्षे गेली आहेत, एवढेच मी तिला सांगितले.

*

जूनमध्ये एका मादीने सतराव्या दिवशीच स्वतःच्या छातीचे केस उपटून घरटे केले. मी तत्काळ पेढे आणले. डॉक्टरांनी पेढा घेतला, पण दिवस मोजून तो परत पुड्यात ठेवला. दोन आठवडे लोटले तरी घरटे रिकामेच होते.

"काकाजी, हा खोटा गाभ," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनानं बीज सुटलं, अंगानं सगळी तयारीही केली. पण गर्भ राहिलाच नाही."

रामकलीने ते केस वेचून डब्यात भरले आणि झाकण लावले.

"इसने तो अपना पूरा काम कर दिया," ती म्हणाली. "अब उसको देखो."

तिचे बोट दरोगाकडे होते.

*

दरोगा, म्हणजे फौजदार, हा आमचा मुख्य नर. छाती काढून असा बसे, की नाव शोधावे लागले नाही. इथे आमची चूक नमूद करणे भाग आहे. रुग्ण माद्याच, असे आम्ही गृहीत धरले होते. म्हणून वाळ्याचा ओला पडदा माद्यांना आणि पत्र्याची भिंत नरांना. झाशीच्या उन्हाळ्यात त्या पत्र्यावर हात टेकवत नसे.

डॉक्टर सूक्ष्मदर्शक घेऊन आले. दरोगाच्या बीजाचा थेंब काचेखाली ठेवून बराच वेळ त्यांनी डोळा वर केला नाही.

"काकाजी, दरोगासाहेब ड्यूटीवर आहेत. पण सिपाही एकही हलत नाही."

उरलेल्या दोन्ही नरांचे तेच. तीव्र उष्म्याने नराचे बीज निकामी होते, हे माझ्या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात स्वच्छ छापलेले होते. त्या प्रकरणाची पाने कडेला जोडलेलीच होती. ती कापण्याची मला गरज वाटली नव्हती.

*

नरांना पडद्याआड हलवले आणि दोन महिने एकही मादी त्यांच्याकडे नेली नाही. सप्टेंबरात पुन्हा तेच इंजेक्शन, तेच तास. दिवाळीला आठ दिवस असताना, एकतिसाव्या दिवशी सकाळी रामकलीने बोलावणे धाडले.

घरट्याच्या पेटीत जूनमधले, डब्यात जपलेले केस नव्या केसांखाली अंथरलेले होते, आणि त्यांत काहीतरी वळवळत होते. मी चष्मा पुसून मोजले. सात.

"इंजेक्शन पहिल्यापासून बरोबरच होतं," डॉक्टर म्हणाले.

रामकली पिल्लांवरचे केस सारखे करत होती. "डॉक्टर साहब, वह काँच वाली मशीन आदमियों का भी देखती है?"

"देखती है. बड़े अस्पताल में."

"तो बाबूजी, आप मऊरानीपुर एक चिट्ठी लिख दो." तिने पेटीचे झाकण हळूच लावले. "दूसरी को भी लौटा दिया है. अब तीसरी की बात चल रही है."

पत्र मी त्याच दिवशी लिहिले. ससे परत गेले नाहीत, रामकली एरचला गेली नाही, आणि आमच्या नोंदवहीत तेव्हापासून पहिला रकाना नराचा असतो.