टापटीपबाईंची चूक

कारखान्यात तिला सगळे टापटीपबाई म्हणत. काचेच्या मण्यातून धातूची पिन आरपार घालायची आणि भट्टीत दोन्ही एकजीव करायचे, हे तिचं तीस वर्षांचं काम. रुग्णालयातल्या यंत्रांना असे सांधे लागतात. त्यातून हवेचा कणही जाता कामा नये. टेबलावर पसारा दिसला की बाईंचं डोकं फिरे.

महिन्यापूर्वी तिने बहिणीच्या मुलीला कामावर लावलं. भाचीसाठी पिनांचा नवा डबा भरून दिला. पोरगी हुशार, पण भट्टी निवल्यावर तिच्या चारातला एक सांधा तडकलेला निघायचाच. मालकांनी खापर तिच्यावर फोडलं, की ही घाई करते, भट्टी सावकाश निवू देत नाही. सोमवारपासून येऊ नकोस, असंही सांगून टाकलं.

मावशीला ते पटेना. तिने भट्टीची वही काढली. पोरीने मिनिटाचाही हलगर्जीपणा केला नव्हता. मग तिने तडकलेल्या सांध्यांना लोहचुंबक लावून पाहिलं. एकही पिन चिकटली नाही. धडधाकट सांध्यांच्या मात्र सगळ्या चिकटल्या.

तेव्हा बाईंना आठवलं. कपाट आवरताना दोन अर्धे डबे तिनेच एकात ओतून तो डबा भाचीला दिला होता! दिसायला पिना सारख्या, पण धातू वेगळे. निवताना काचही आखडते, पिनही आखडते; दोघांनी बरोबरीने आखडलं तर संसार टिकतो, एकाने जास्त ओढून धरलं की तडा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं क्षणभर तिच्या मनात आलंच. चुकीच्या पिना गुपचूप फेकल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण पोरगी कायमची वेंधळी ठरली असती. ती तडक मालकांकडे गेली.

"पोरीचा हात चांगला आहे. दोन डबे एकत्र मी केले."

"तुम्ही?"

"आवरताना."

 मालकांनी भाचीला बोलावून घेतलं आणि सगळ्या पिना चुंबकाने निवडायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी भट्टीतून चाळीस सांधे निघाले, चाळीसही शाबूत. मावशी सगळ्यांसमोर रडली. भाचीने तपासल्याशिवाय एकही पिन टेबलावर येणार नाही, असं मालकांनी ठरवून टाकलं.

सोमवारी मावशी सवयीने आपल्या पिना घेऊन भट्टीकडे निघाली.

"मावशी, थांब जरा. आधी तपासते."

तीस वर्षांत कुणाची वाट न पाहिलेली टापटीपबाई मुकाट्याने उभी राहिली, आणि तिचा ऊर अभिमानाने भरून आला.